शिवारात न मावलेली वावरं

बोलता बोलता हाताशी जे सापडेल त्यावर मामा बोटांच्या पेरांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, "वाजून घ्या!"

खाटेवर बसलेले असले तर खाटेचा पाय, ओसरीवर असले तर खांब, बैलबंडीत असले तर बंडीची फळी. काहीच हाताशी नसलं तर शेजारी बसलेल्याचं डोकं. केनवडच्या बाजारात बाया मडकं विकत घेताना जसं कानाशी धरून वाजवतात, तसं माझं बोलणं वाजवून पाहा, फुटकं निघालं तर परत करा, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की ज्या वाक्याच्या शेवटी हे "वाजून घ्या" येई, ते वाक्य हमखास फुटकं असे. हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, आणि तरीही साऱ्या पंचक्रोशीला मामांवाचून करमत नसे.

त्यांना मामा का म्हणत, ते कुणालाच नीट सांगता येत नसे. गोरापान रंग, लांब नाक, डोक्याला कधी केशरी तर कधी पिवळा फेटा, आणि बारा महिने पायात करकर वाजणारी वहाण. ते येत आहेत हे दोन घरं आधीच कळे. शेती धाकट्या भावाच्या हवाली करून मामा सोयरिकी जुळवत गावोगाव हिंडत. जुळली की एक धोतरजोडी आणि मांडवात मानाचं ताट, एवढीच त्यांची कमाई. तुमच्याही गावात असा कुणी असेल. नसला तर तुमच्या गावात लग्नं कशी होतात, हे मला कळत नाही.

आमची ओळख झाली ती दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधी. आमचा वाशीम भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. मी मानोऱ्याकडच्या एका खेड्यातला. घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. वाशीमला मॅट्रिक झालो, पुढे नागपूरला बी.ए. झालो, आणि मग अर्थशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलं, तेही परीक्षा देऊन नव्हे, तर प्रबंध लिहून. हे काय असतं ते वडिलांना समजावून सांगताना माझी दमछाक झाली. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे परीक्षा नाई, मास्तर नाई, वर्गही नाई. मंग घरीच बसून कर ना!"

आमचे प्राध्यापक कडक होते. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "एक गाव घ्या. स्वतःचं नको, तिथे तुम्ही डोळे मिटून लिहाल. घरोघर जा. माणसं किती, जमीन किती, विहीर, बैल, दुभतं, पिकं, सारं विचारा. पुस्तकात पाहून अर्थशास्त्र लिहिणारे पुष्कळ आहेत." माझी छाती फुगली. केनवडपासून दोन-तीन कोसांवरचं एक गाव मी निवडलं. त्याचं नाव मी प्रबंधातही लिहिलं नव्हतं, इथेही लिहीत नाही.

वाशीमहून मोटारीनं केनवड गाठलं आणि तिथून ट्रंक डोक्यावर घेऊन गावात शिरलो. मारुतीच्या देवळामागे एक खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतराच्या निऱ्या नीट करून पहिल्या घरी गेलो आणि विचारलं, "तुमचं वावर किती?"

"काहून?" घरधनी म्हणाला.

त्या "काहून"ला, म्हणजे "कशासाठी"ला, माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते नागपूरचं होतं. ग्रामीण जीवनाचा आर्थिक अभ्यास, असं काहीसं मी बोललो. त्यानं दार लोटून घेतलं. दुसऱ्या घरी मला शेतसारा वाढवणाऱ्या साहेबाचा माणूस समजले. तिसऱ्या घरी मी देवीची लस टोचणारा आहे असं वाटून बाईनं दोन्ही पोरं ज्वारीच्या कणगीत लपवली. मी बोलत असताना कणगी शिंकली. त्या आठवड्यात माझ्या हाती एका घराचीही माहिती लागली नाही. देवळापुढच्या कडुनिंबाखाली मी बसून होतो, तेव्हा वहाण करकरली. याच गावचे मामा फिरतीवरून परतत होते.

"कोठले हो पाहुणे?"

"मानोऱ्याकडचा."

"कोनाचे? भाऊ किती? वावर किती? घरचं का ठोक्यानं केलेलं? विहीर हाय? बैलं? दुधाचं काय? खानारे तोंडं किती?"

मी एकेक उत्तर देत गेलो आणि मध्येच थबकलो. माझ्या प्रश्नावलीत जे प्रश्न होते तेच हे, जवळजवळ त्याच क्रमानं. ती प्रश्नावली करायला प्राध्यापकांनी आणि मी एक अख्खा पावसाळा घालवला होता. मामांनी ती पाठ म्हटली.

"अन् हे तुमी लोकाईले काय इचारून राह्यले?"

मी सांगितलं. पदवी, प्रबंध, अर्थशास्त्र. मामांनी डोळे मिटून ऐकलं. मग माझ्या डोक्यावर टकटक केलं.

"बापा, हे इचाराले कालेजात कायले जा लागते? हे तं मी रोज इचारतो! उद्यापासून मी येतो तुमच्यासंग. दारं उघडून देतो. पन एक करा, भाचेबुवा, मधात बोलू नका."

दुसऱ्या दिवसापासून दारं उघडली. उघडली म्हणजे काय, सताड उघडली! मामा पुढे, मी मागे. ओसरीवर सतरंजी पडे, पाय धुवायला पाणी येई. मामा खांबाला टेकून म्हणत, "हे बिये झाले हायत. मानोऱ्याकडचे. घरचं वावर, बांधीव विहीर. आता याच्याहून मोठी परीक्षा देऊन राह्यले." यात खोटा शब्द एकही नव्हता, म्हणून मला संशय आला नाही. वडिलांची जमीन तेवढी त्यांनी दुपटीनं सांगितली. मी "मामा..." असं म्हणायला गेलो, तर सतरंजीखाली त्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

मग घरधनी स्वतःहून सांगू लागे. मला विचारावंही लागत नसे. वावर इतकं, विहिरीला बारमाही पाणी, बैलजोड्या इतक्या, गाई-म्हशी इतक्या. आतून शिरा येई, कुठे शेवया. पाणी द्यायला बहुधा घरातली लग्नाची मुलगी येई, मान खाली, हात किंचित कापत. मला वाटे, काय हा वऱ्हाडी पाहुणचार! मी प्राध्यापकांना पत्र लिहिलं की गावाची आर्थिक स्थिती अपेक्षेहून पुष्कळ बरी आहे.

एक गोष्ट मला विचित्र वाटली होती, नाही असं नाही. ज्या घरात म्हातारा-म्हातारीच असत तिथे नुसतं पाणी मिळे. तुमच्या ध्यानात एव्हाना सारं आलं असेल. माझ्या आलं नाही, कारण मी अर्थशास्त्राचा अभ्यास करत होतो.

एकदा वाटेनं मी त्यांना विचारलं, "मामा, तो मघाचा माणूस स्वतः दहा एकर म्हणाला. तुम्ही आपलेच वीस म्हणालात. कशासाठी?"

मामा थांबले. शाळेतल्या मंद मुलाकडे मास्तर पाहतात तसं त्यांनी पाहिलं.

"समोरचा अर्धं धरते ना, भाचे! सोयरिकीत कोनी दहा म्हनलं का ऐकनारा पाच धरते. म्हनून वीस म्हनाचं. तो दहा धरते. जेवढं हाय तेवढंच त्याच्या पदरात पडते. यात लबाडी कोठी हाय? उलट दहा म्हनलं तं बिचाऱ्याचं अर्धं वावर आपुन बुडवलं!" आणि शेजारच्या बाभळीवर टकटक. "वाजून घ्या!"

मी पोट धरून हसलो. लग्नाच्या बाजारातली एक गमतीदार रीत, असं म्हणून ती मी विसरून गेलो आणि कागदांचा गठ्ठा घेऊन नागपूरला परतलो.

प्राध्यापकांनी एक संध्याकाळ घालवून साऱ्या घरांच्या जमिनीची बेरीज केली. मग पटवाऱ्याकडून मी आणलेला गावच्या शिवाराचा आकडा शेजारी ठेवला. मग बेरीज पुन्हा एकदा केली.

"तुमच्या गावाच्या शिवारापेक्षा तुमच्या गावकऱ्यांची शेतं जास्त आहेत," ते म्हणाले. "ही उरलेली शेतं आहेत कुठे? एकावर एक रचली आहेत काय?"

मला बाभळीवरची टकटक आठवली. मी चाचरत म्हणालो, "सर, सगळ्यांचं निम्मं केलं तर?"

"निम्मं करणं हा सौदा झाला, अभ्यास नव्हे. कुणी दुप्पट सांगितलं, कुणी तिप्पट, कुणी खरं. तुम्हाला माहीत आहे कोण ते? नाही ना? परत जा."

परत जा म्हणणं सोपं होतं. प्रबंध देण्याची माझी मुदत त्या उन्हाळ्याअखेर संपत होती. आणि मुदत वाढवून मिळाली असती तरी वडिलांची वाढली नसती. घरून निघताना त्यांनी बजावलं होतं, "मिरगाच्या आत काय थे परीक्षा संपव. नाई तं वखर धर. तुह्या शिक्षनापायी तुह्या भावाचे हात सोलून निघाले." ते खरं होतं. भावाचे हात मी पाहिले होते.

तर फाल्गुन सरता सरता मी पुन्हा मामांच्या ओसरीवर. शिवारात शेतं मावत नाहीत हे ऐकून त्यांना आधी अभिमानच वाटला.

"आमच्या गावाचं काळीज मोठं हाय!" ते म्हणाले.

"मामा, हसू नका. लोकांनी मला दुप्पट का सांगितलं? मी काय सोयरीक करायला आलो होतो?"

मामा फेटा काढून त्याची घडी तपासू लागले.

"तसं मी सांगतलं नाई," ते शेवटी म्हणाले. "त्याईनं समजून घेतलं."

"काय समजून घेतलं?"

"का तुमी पोरगी पाहाले आले."

तो शिरा, त्या शेवया, पाण्याचा गडू धरलेले ते कापरे हात, सारं एकदम डोळ्यांपुढून गेलं. गाव मला आपली आर्थिक स्थिती सांगत नव्हतं. गाव मला जावई म्हणून पाहत होतं, आणि मी खाली मान घालून लिहीत होतो!

"मंग दारं कशी उघडली असती, भाचे?" मामा म्हणाले. "परक्याले घरचं कोन सांगते? पाहुण्याले सांगते. तुमी निंबाखाली बसले व्हते तवा तुमचं तोंड लय उतरलं व्हतं. मले पाहवलं नाई."

मी त्यांना मुदतीचं सांगितलं. वडिलांचं सांगितलं. भावाच्या हातांचंही सांगितलं. मामांनी खाटेच्या पायावर टकटक करायला हात उचलला, आणि तो तसाच परत मांडीवर ठेवला. त्यांचा हात न वाजता परत आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सकाळी वहाण करकरली. मामा दारात उभे. धुवट धोतर, केशरी फेटा, सोयरिकीला निघाल्यासारखे.

"चला."

पहिल्या घरी सतरंजी पडली. मामा बसले नाहीत. ओसरीखाली, अंगणातच उभे राहिले, आणि घरधन्याला म्हणाले, "मांगच्या खेपेले मी तुमाले जे भासवलं थे लबाड व्हतं. हा पोरगा पोरगी पाहाले नाई आला, अभ्यासाले आला. याले आता हाय तेवढं सांगा."

एवढंच. पुढे "वाजून घ्या" नाही.

मामा दुपटीनं बोलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मग त्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही त्या वेळी तसंच वाटलं. पण सगळ्यांना ठाऊक असणं वेगळं आणि मामांनी स्वतःच्या तोंडानं तसं म्हणणं वेगळं. ज्याच्या शब्दावर माणसं लेकी देतात, तो "मी लबाड बोललो" असं दारोदार सांगत फिरला, तर त्याच्याजवळ उरतं काय? मामांनी ते एका घरी सांगितलं नाही. माझ्या यादीतल्या प्रत्येक घरी, त्याच शब्दांत, अंगणात उभं राहून सांगितलं.

लोक हसले. काही जण चिडले. एक म्हातारी तर काठी टेकत बाहेरच आली.

"मंग माहा शिरा वापस दे!" ती मला म्हणाली. "रवा वाशीमहून आनला व्हता तुह्यासाठी. नातीले देल्ला नाई, तुले देल्ला, मुडद्या!"

"आजी, मला काय माहीत..."

"माईत नव्हतं तं दोनदा कायले मांगतला?"

शिरा खरंच छान झाला होता.

त्या दुसऱ्या खेपेला पाहुणचार आटला आणि त्याबरोबर शेतंही आटली. विहिरींचं बारमाही पाणी संक्रांतीपर्यंत आलं. बैल ज्याचे त्याच्या गोठ्यात परत गेले; एकच पांढरी जोडी मागच्या खेपेला चार घरांत उभी होती, असं उघड झालं. कुठे पाणी मिळे, कुठे तेही नाही. पण संध्याकाळी मी बेरीज करी आणि शेतं शिवारात मावत चालली होती.

तुळशीरामजींच्या घरी मात्र मामांचे पाय जड झाले. हे गृहस्थ शांत, मोजकं बोलणारे. मामांचं बोलणं त्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं.

"मामा," ते हळूच म्हणाले, "शिरपूरचे पाहुने पक्कं कराले आले व्हते. मी त्याईले थांबा म्हनलं. तुमच्या भरवशावर."

"हो."

"हो काय, हो? पोरीले काय सांगू मी?"

"मी केलं थे, तुळशीरामजी," मामा म्हणाले.

मला वाटलं आता दार लागणार. पण तुळशीरामजी माझ्याकडे वळले. "लिहा. वावर बारा एकर. बैलं दोन. त्यातला एक म्हातारा हाय."

दाराआडून आवाज आला, "अन् मांगच्या खेपेले तिसरा बांधला व्हता थो काकाचा. थोही लिहून घ्या म्हना बियेवाल्याईले. काकाच्या नावानं!"

"गप वं!" तुळशीरामजी ओरडले; पण मला त्यांच्या मिशा हलल्यासारख्या वाटल्या. मी मान वर केली नाही. तीच मुलगी मागच्या खेपेला पाण्याचा गडू घेऊन आली होती आणि तिचा हात मात्र कापत नव्हता, हे मला आठवत होतं.

त्या लगीनसराईत मामांना एकही बोलावणं आलं नाही. लोक देवळापुढून जाताना मुद्दाम निंबावर, बंडीवर टकटक करत आणि हसत. मामाही हसत. दिवसभर देवळाच्या ओट्यावर बसून असत. त्यांच्या वहाणेचा आवाज मला ऐकू येईनासा झाला, कारण ते कुठे जातच नव्हते. मी म्हणालो, "मामा, माझ्यामुळे..." तर म्हणाले, "तुमचा अभ्यास कोठवर आला थे सांगा."

माझी शेवटची काही घरं राहिली होती, तेव्हा एका सकाळी तुळशीरामजी बंडी जुंपून देवळापुढे आले.

"मामा, तुमीच मोडलं, तुमीच जोडा. शिरपूरले चला." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "अन् यायलेही घ्या संग. हे खरं बोलतात म्हनते. साक्षीले ऱ्हायतीन."

शिरपूरला मुलाच्या घरी आम्ही ओसरीवर बसलो. मुलाचे वडील, चुलते, आणखी दोघे. आधीच रुसलेली माणसं. सुपारी झाली, पाऊसपाण्याचं झालं, मग मुलाच्या वडिलांनी विचारलं, "बरं, मुलीकडचं वावर किती म्हनता?"

मामांनी घसा खाकरला. त्यांनी वाटेत माझ्यापुढे शपथच घेतली होती की आता हाय तेवढंच बोलीन.

"बारा एकर," मामा म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी चुलत्याकडे पाहिलं, चुलत्यानं छताकडे. मला त्यांच्या डोक्यातला हिशेब दिसत होता, इतका स्वच्छ हिशेब मी नागपुरातही पाहिला नव्हता. मामा बारा म्हणाले, म्हणजे सहा. सहा एकरवाल्याची मुलगी, आणि तीही आपल्याला थांबा म्हणून सांगणाऱ्याची!

"पाहू मंग," मुलाचे वडील पागोटं चाचपत उठता उठता म्हणाले. "घरात इचारतो अन् कळवतो."

तुळशीरामजींचा चेहरा पडला. ज्या माणसाच्या खोट्यानं सोयरीक मोडली होती, त्याच्या खऱ्यानं ती पुन्हा मोडत होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं. काय करू, असं विचारणारी ती नजर होती. अर्थशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून मी खाली पाहिलं.

आणि माझ्या कानावर टकटक आली. ओसरीचा खांब दणाणला.

"अवो, बारा एकर थो नदीकाठचा तुकडा म्हनलो मी! दुसरा सांगू कोठी देल्ला तुमी? उठलेच! दोन्ही मिळून चोवीस! वाजून घ्या!"

सगळ्यांचे चेहरे उजळले. चोवीस, म्हणजे बारा. बारा म्हणजे चांगलं घर. मुलाचे वडील पुन्हा खाली बसले. आतून शिरा आला. मी त्याच्याकडे भीतीनं पाहत होतो, तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी मलाच गाठलं.

"काय हो बियेवाले, तुमी तं घरोघर इचारत फिरता म्हनते. चोवीस खरं ना?"

तुळशीरामजी माझ्याकडे पाहत होते. मामा पाहत होते. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं कुणापुढेही बोलायचं नाही, अशी माझी प्रत्येक घरी दिलेली हमी होती. आणि खोटं बोलणं मला जमत नव्हतं.

"मामांचं बोलणं आहे," मी म्हणालो. "वाजवून घ्या."

ओसरीवर हशा पिकला. मुलाच्या चुलत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच बैठकीत सुपारी फुटली. आणि मी अजूनही म्हणतो, त्या ओसरीवर कुणी कुणाला फसवलं नाही. त्यांना बारा एकरांचं घर हवं होतं, त्यांना बारा एकरांचं घर मिळालं.

परतीच्या वाटेवर बंडीत तुळशीरामजी म्हणाले, "मामा, तुमी खरं बोलत जाऊ नका. तुमाले जमत नाई." मामा इतके हसले की फेटा सुटून चाकात जाता जाता राहिला.

मिरगाच्या आधी मी प्रबंध दिला. त्यात दुप्पट सांगून निम्मं धरण्याच्या रीतीवर मी चार पानं लिहिली होती. ती वाचताना प्राध्यापक हसले. मी स्वतः पाहिलं. कॉलेजातल्या कुणाचा अजून विश्वास बसत नाही. पदवी मिळाल्याचं कळलं त्या दिवशी वडिलांनी आधी भावाच्या हातात पेढा ठेवला, मग माझ्या. मला ते बरोबर वाटलं.

कापडी बांधणीची एक प्रत घेऊन मी मामांकडे गेलो. सुरुवातीच्या पानावर त्यांचे आभार मानले होते.

"काय लिहिलं माह्याबद्दल?"

"गावातील माहितगार गृहस्थ, ज्यांच्या मदतीवाचून हे काम झालं नसतं."

"लबाड नाई लिहिलं?"

"नाही."

त्यांनी प्रबंध उलटसुलट करून पाहिला. इंग्रजी अक्षरावरून बोट फिरवलं, उलट्या बाजूनं. मग कानाशी धरून त्याच्या पुठ्ठ्यावर पेरांनी टकटक केलं आणि लक्ष देऊन ऐकलं.

"वाजते," ते म्हणाले.

बोलावणी हळूहळू पुन्हा येऊ लागली. सगळी नाही, काही घरांनी कायमचं दुसऱ्याला धरलं. पण वहाण पुन्हा करकरू लागली. माझं लग्न मात्र त्यांनी जुळवलं नाही. "तुमी इचारलं का हाय तेवढंच सांगता," म्हणाले, "तुमची सोयरीक म्हंजे जोखीम हाय." लग्नाला आले तेव्हा मांडवात माझ्या सासऱ्यांना त्यांनी माझा पगार सांगितला. सासरे फार खूश झाले. बायको पुढे कित्येक वर्षं मला विचारत असे, उरलेला जातो कुठे?

पुढे मी दूरच्या कॉलेजात शिकवू लागलो. मामा गेल्याची बातमी मला उशिरा पोचली. मी गावी गेलो तेव्हा दिवस होऊन गेले होते. देवळाचा ओटा तसाच होता. मामांच्या ओसरीवर त्यांच्या भावाकडची माणसं बसली होती, आणि शिरपूरहून आलेली तुळशीरामजींची लेक. तिचे केस पिकू लागले होते. मला तिनं लगेच ओळखलं.

"लय उशीर केला, बियेवाले."

"उशिरा कळलं. कसे गेले?"

"झोपेत. सकाळी वहान वाजली नाई, तवा कळलं." तिनं पदरानं डोळे टिपले. "पन मानूस लय लोटलं व्हतं, भाऊ. केनवडचे, शिरपूरचे, रिसोडकडचे. हजार मानूस तं व्हतंच व्हतं."

त्या गावाची वस्ती मी स्वतः मोजलेली. मामांच्या अंगणात किती माणसं उभी राहू शकतील हेही मला माहीत होतं. ते अंगण समोरच होतं. आणि अशा वेळी काय धरायचं, हे मला मामांनीच शिकवलं होतं.

तिनं माझा चेहरा पाहिला असावा. बसल्या जागेवरून हात लांब करून तिनं ओसरीच्या खांबावर पेरांनी टकटक केलं.

"वाजून घ्या," ती म्हणाली.

मी निम्मे केले नाहीत. पुरे हजार धरले.